पट्ट्याची चप्पल

ओव्हाळ सिस्टर गेल्यावर आमच्या कॉलेजनं शोकसभा घेतली. पडद्यावर त्यांचा फोटो होता. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि चेहऱ्यावर ही दोन्ही ओझी कधी एकदा खाली ठेवायला मिळतील याची काळजी. अधिष्ठात्यांनी त्यांना संस्थेचा आधारस्तंभ म्हटलं. अधिष्ठाते रुजू झाले तेव्हा सिस्टर निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, त्यामुळे हा स्तंभ त्यांच्या पाहण्यात आलेला नव्हता. शेवटी दोन मिनिटं शांतता पाळायची होती. ती पाऊण मिनिटात आटोपली. सभागृह पाचनंतर दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेलं होतं.

सभेत एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ज्या बाईनं कित्येक वर्षं डॉक्टरांना माणसाचा आजार कसा ऐकायचा ते शिकवलं, तिच्या छातीत वर्षभर गाठ होती. आठवड्याचे सहा दिवस ती डॉक्टरांत वावरत होती. त्यातल्या कुणाला पत्ता लागला नाही. त्या डॉक्टरांत मीही होतो.

मी कॉलेजात सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवायचो. ज्या विषयाच्या तासाला मुलं मागच्या बाकावर बसून दुसऱ्या विषयाचा अभ्यास करतात, तो हा विषय. कॉलेजचं ग्रामीण आरोग्य केंद्र दौंड तालुक्यात, राहूकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. एमबीबीएस झालेली मुलं इंटर्न म्हणून तिथं दोन-दोन महिने यायची. गुरुवारी घरभेटी असत. जीपमध्ये मागं चार इंटर्न, पुढं ड्रायव्हर आणि मी, आमच्या मधे सिस्टर. आज कुणाच्या दारात जायचं, कुणाच्या जायचं नाही, हे त्या ठरवत. कागदोपत्री ते मी ठरवत असे.

सिस्टर बुटक्या होत्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी, कमरेला खोचलेला रुमाल, हातात बीपीचं मशीन आणि काखेत एक रिकामी कापडी पिशवी. नोंदवही जीपमध्येच राहायची. वही हातात घेऊन दारात गेलं की माणसं तलाठी आल्यासारखी बोलतात, असं त्यांचं म्हणणं. पिशवी कशाला, असं एकदा मी विचारलं होतं.

"बाई कायतरी देतीच सर. वांगी, मेथी, दोन लिंबं. पिशवी नसली की न्हाई म्हणावं लागतं. न्हाई म्हटलं की तिला वाटतं, हिला आमच्याकडनं काय घ्यायचं न्हाई. मग तीबी माझ्याकडनं काय घेत न्हाई. गोळीबी न्हाई आन् सल्लाबी न्हाई."

सिस्टर बौद्ध होत्या. माहेर शिरूरकडचं, सासर दौंडचं. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. ज्या घरांतून त्यांना पिशवीभर वांगी मिळत, त्यातल्या काही घरांत त्यांना पाण्याचा ग्लास मिळत नसे. हे त्या कधी बोलून दाखवत नसत.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांची चप्पल. काळी, मागून पट्टा आणि बाजूला बारीक बकल असलेली. पट्टा भोकात घालायला डोळे बारीक करावे लागत आणि दाराच्या चौकटीला धरून एका पायावर उभं राहावं लागे. दौंडच्या बाजारातून त्या दरवेळी तसलीच चप्पल आणायच्या. नवी तुकडी आली की पहिल्या गुरुवारी कुणीतरी इंटर्न वैतागून विचारायचाच, "सिस्टर, साधी चप्पल घ्या ना. दर घरी पाच मिनिटं जातात." त्या याच प्रश्नाची वाट बघत असत.

"बाळा, आत गेलास आन् कसं हाय इचारलंस, की बाई म्हणती बरं हाय. ते असतं सासऱ्यासाठी. जरा येळानं परत म्हणती बरं हाय. ते असतं तुझ्यासाठी, म्हंजी तू ऊठ आता. तू उठतूस, दाराशी येतूस, चप्पल घालाया लागतूस. तवा तिला वाटतं, ह्यो चाललाच, आता बोललं तर चालंल. तवा जे बोलती, त्यो आजार. त्याच्या आधीचा समदा पाव्हणचार."

"आणि ती बोलली की?"

"की परत आत जायचं. एक चप्पल पायात असली तरी. आत जाऊन खाली बसायचं."

मुलं हसायची. मीही पहिल्यांदा हसलो होतो. मग राहूच्या पुढं एका वस्तीवर गेलो. टीबीचा पेशंट, पन्नाशीचा, ऊसवाला शेतकरी. चार महिने औषध चालू, पण वजन वाढत नव्हतं, खोकला जात नव्हता. औषधाला दाद न देणारा टीबी असावा, अशी शंका मी मुलांपुढं विद्वत्तेनं मांडून ठेवली होती. घरात सगळं बरं होतं. गोळ्या? रोज घेतो की. रिकामी पाकिटं? ही बघा. आम्ही उठलो. सिस्टर चौकट धरून बकलाशी झटापट करत होत्या. पेशंटची बायको दाराआडून हळूच म्हणाली, "शिस्टर, उपासाला ती गोळी चालती का वो?"

सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन एकादश्या. गृहस्थ धार्मिक होता. आठवड्यातले तीन दिवस टीबीलाही उपासाची सुट्टी होती. त्या दिवसांच्या गोळ्या पाकिटातून काढून गोठ्याच्या वळचणीला डब्यात साठवल्या होत्या, टाकलेल्या नव्हत्या. औषध टाकणंही त्याला पाप वाटत होतं.

सिस्टर एका पायात चप्पल तशाच आत गेल्या. एक इंटर्न औषध-प्रतिकाराबद्दल समजावून सांगायला पुढं सरसावला होता, त्याला त्यांनी हातानं खाली बसवलं.

"दादा, शेंगदाणा चालतो ना उपासाला?"

"व्हय, चालतो."

"मग ह्या गोळीत ना मीठ हाय ना धान्य. शेंगदाण्यापरीस सोवळी हाय. दुधाबरोबर घ्यायची. मोडला उपास तर माझ्या माथी."

उपासाशी ज्यांचा जन्मात काही संबंध आला नव्हता, त्या बाईनं दिलेला हा निर्णय त्या घरानं मानला. दोन महिन्यांत त्याचं वजन वाढलं. माझी विद्वत्ता मी मुकाट्यानं परत घेतली.

दुसरी गोष्ट मृण्मयीची. हुशार, तळमळीची इंटर्न, पुण्यात वाढलेली. कासुर्डीच्या बाजूला एका वस्तीवर आम्ही गेलो होतो. घरातल्या थोरल्यांना सगळे आबा म्हणत. सोसायटीवर अनेक वर्षं निवडून आलेले, बोलायला गोड. सून सात महिन्यांची गरोदर, पाय सुजलेले, डोकं दुखत असल्याचं आशाताईनं कळवलेलं. बीपी बघणं गरजेचं होतं. आबांच्या बायकोनं पाणी आणलं. आम्हा सगळ्यांना स्टीलचे ग्लास आणि सिस्टरांना कागदी कप. कुठल्याशा बारशाच्या कार्यक्रमातून उरलेला.

मृण्मयीनं आपला ग्लास खाली ठेवला. "आबा, सिस्टरांना ग्लास का नाही दिला?"

"पोरी, आमच्याकडं रीत हाय ती."

"ही रीत नाही, गुन्हा आहे."

त्यानंतर दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं त्यात मृण्मयीचा शब्द न् शब्द खरा होता. आबा उठून उभे राहिले. "निघा. आमच्या सुनंला आम्ही बघून घिऊ." सून दारामागं उभी होती. तिच्या दंडाला बीपीचा पट्टा न लागताच आम्ही बाहेर पडलो.

जीपमध्ये मृण्मयीचा चेहरा लाल झाला होता. सिस्टर काहीतरी बोलतील, बहुधा आभार मानतील, असं तिला वाटत असावं. मलाही तसंच वाटत होतं. अर्धा रस्ता संपल्यावर त्या बोलल्या.

"माझा अपमान लई जुना हाय बाळा. माझ्या आजीच्याबी आधीचा. त्यो अजून आठ दिवस थांबला असता. तिचं बीपी थांबणार हाय का?"

मृण्मयी रडायला लागली. सिस्टरांनी कमरेचा रुमाल काढून तिच्या मांडीवर टाकला आणि बाहेर बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्या एसटीनं गेल्या. आबांच्या गोठ्यापाशी जाऊन बसल्या. म्हशीची चौकशी केली. कागदी कप आला, त्यातलं पाणी प्याल्या. मग सुनेला बाहेर बोलावलं, तिथंच बीपी बघितलं. ते इतकं वर होतं की त्यांनी आबांनाच गाडी काढायला लावली आणि सुनेच्या शेजारी बसून तिला दौंडला नेलं. बाई वाचली, मूलही वाचलं.

बारशाला आबा स्वतः केंद्रावर आमंत्रण घेऊन आले. आम्ही सगळे गेलो. आबांच्या बायकोनं सगळ्यांत आधी सिस्टरांपुढं स्टीलच्या कपात चहा धरला. सगळं घर बघत होतं. सिस्टरांनी बाळाच्या हातात झबलं ठेवलं, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चहा नको. मला तलफ न्हाई."

परत येताना मी न राहवून विचारलं, "तेव्हा कागदी कपातलं पाणी प्यालात, आज चहा का नाही घेतला?"

"तवा बीपी होतं सर," त्या म्हणाल्या. "आता न्हाई."

यानंतर काही काळानं नवा अभ्यासक्रम आला. भावी डॉक्टरांमध्ये आता सांस्कृतिक सक्षमता निर्माण करायची होती. कॉलेजात समिती नेमली गेली आणि विषय माझा, म्हणून समिती माझ्या गळ्यात पडली. सिस्टर जे करत होत्या त्याचे मी बारा मुद्दे काढले, चौकटी आखल्या, पुढं खूण करायला जागा सोडली. 'रुग्णाच्या पातळीवर बसावे.' 'निरोप घेताना पुरेसा वेळ द्यावा.' यादी नजरेखालून घाला म्हणून मी ती सिस्टरांना दिली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. सातव्या मुद्द्यावर बोट ठेवलं. 'स्थानिक रीतिरिवाजांचा आदर करावा.'

"कंच्या?" त्यांनी विचारलं.

सातवा मुद्दा तसाच छापला गेला.

"आन् सर, संस्कृती म्हंजी गॅदरिंगला असती ती का?"

"तीच. फक्त आता तिची परीक्षा घेणार आहेत."

मग पुण्याला मोठी कार्यशाळा झाली. लांबून पाहुणे आले. एका पाहुण्यांनी पाऊण तास इंग्रजीत भाषण केलं. संस्कृती ही हिमनगासारखी असते, वर थोडी दिसते आणि पाण्याखाली फार असते, असा त्याचा सारांश. पडद्यावर बर्फाचा डोंगर होता. पहिल्या रांगेत बसलेल्या सिस्टरांनी मला हळूच विचारलं, "यांच्याकडं घरभेटीला होडीनं जात्यात का?"

सिस्टरांना प्रात्यक्षिकासाठी पाच मिनिटं दिली होती. पेशंट म्हणून आमच्या ऑफिसातला क्लार्क उभा केला होता. सिस्टर व्यासपीठावरच्या गालिच्यावर मांडी घालून बसल्या, त्यालाही बसवलं. "कसं हाय?" तो म्हणाला, "बरं आहे." सिस्टर गप्प बसल्या. तोही गप्प. सभागृहात खुर्च्या करकरायला लागल्या. क्लार्कनं मान खाली घातली, आता तो काहीतरी खरंच बोलणार असं मला वाटलं. तेवढ्यात सूत्रसंचालिकेनं माईक घेतला आणि वेळेअभावी आपण पुढं जाऊ या म्हणाली. टाळ्या झाल्या. शाल-नारळ झाला. शोकसभेतला फोटो तो हाच. त्या संध्याकाळी मी यादीत तेरावा मुद्दा घातला. 'शांततेला तीस सेकंद द्यावेत.'

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. दीपप्रज्वलनासाठी सगळ्यांनी पादत्राणं व्यासपीठाच्या पायऱ्यांशी काढली होती. कार्यक्रम संपला, पाहुणे जेवायला निघाले. सिस्टर पायरीवर बसून बकल लावत होत्या. मी शेजारी उभा राहून बुटांत पाय सरकवले. माझे बूट तेव्हा बिननाडीचे होते.

"सर, तुमच्या वळखीची कोण लेडी डॉक्टर हाय का? छातीचं बघणारी?"

"कुणासाठी?"

"एक बाई हाय. राहूची."

"मग सोमवारी पाठवा की सर्जरीच्या ओपीडीला. मी सांगून ठेवतो."

"तिथं समदी पोरंच असत्यात सर. तिला लाज वाटती."

"बघू आपण. नंतर बोलू," मी म्हणालो. जेवणाच्या हॉलमधून मला बोलावत होते. हिमनगवाल्या पाहुण्यांशेजारी माझी खुर्ची राखलेली होती. मी गेलो. वळून पाहिलं तेव्हा त्या अजून पट्टा लावत होत्या. इतका वेळ मी त्यांना पट्टा लावताना कधी पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हाही दिसलं. दिसून मी गेलो.

राहूच्या बाईचं पुढं काय झालं, असं मी कधी विचारलं नाही. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. रोज भेटायचो. "कशा आहात सिस्टर?" "बरं हाय, सर."

गाठ सापडली ती त्यांच्या निरोप समारंभाला. मृण्मयी आता सर्जरीत शिकत होती. सुट्टी काढून आली होती. तिनं सिस्टरांना मिठी मारली आणि सिस्टर डाव्या बाजूनं किंचित मागं सरल्या. बाकीच्यांना तो संकोच वाटला. समारंभ संपला, आम्ही जीपमध्ये बसलो. मृण्मयी आली नाही. केंद्राच्या पायरीवर बसून ती बुटाची नाडी बांधत होती, सोडत होती, परत बांधत होती. मग ती आत सिस्टरांकडं गेली आणि दार लावून घेतलं. अर्ध्या तासानं बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

सिस्टर तिला काय म्हणाल्या ते तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. "समदी माझीच लेकरं. पोरींनाबी सुई धराया मीच शिकवलं. कुणापुढं पदर बाजूला करायचा? सरांपुढं?"

शेकडो बायकांना त्यांनी सांगितलं होतं, लाजू नका, दाखवा. ते सगळं त्यांना पाठ होतं. पण त्या बायकांना सांगायला सिस्टर होत्या. सिस्टरांना सांगायला कुणी नव्हतं.

ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले. सगळं नियमानं आणि सगळं उशिरानं. वॉर्डात एकदा मी गेलो तेव्हा एक इंटर्न हातात कागद घेऊन त्यांच्या पलंगाशी उभा होता. "आजी, आजाराबद्दल तुमच्या काही सांस्कृतिक समजुती आहेत का?" कागद माझ्या समितीचा होता. सिस्टर म्हणाल्या, "न्हाई बाळा. तू जेवलास का?" त्यानं 'नाही'पुढं खूण केली आणि पुढच्या पलंगाकडं गेला.

निरोप समारंभानंतर मी नाडीचे बूट घ्यायला लागलो होतो. उशिरा सुचलेला अभ्यासक्रम.

शेवटची भेट शिरूरला झाली. त्यांचा मुलगा रांजणगावच्या एका कंपनीत होता, त्यानं आईला आपल्याकडं आणलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आजार हाडांत उतरला होता. मुलगा कामावर गेलेला. सुनेनं दार उघडलं आणि मी विचारायच्या आत सांगितलं, "दुखतंय का इचारलं तर न्हाई म्हणत्यात. जेवण मातुर सुटलंय." सिस्टर खिडकीशी गादीवर उशांना टेकून बसल्या होत्या. कपाळावर घाम होता. पांढरी साडी नव्हती, गाऊनवर टॉवेल घेतलेला. माझ्यासाठी त्यांनी तो नीट सारखा केला.

"कसं वाटतंय सिस्टर?"

"बरं हाय सर."

केंद्राच्या गप्पा झाल्या. आबांचा नातू शाळेत जातो. टीबीवाला शेतकरी भेटला होता, उपास अजून करतो. सुनेनं चहा दिला, स्टीलच्या कपात. मी तो घेतला.

"सर, खरंच बरं हाय. तुम्ही उगा एवढ्या लांब आलात."

मी उठलो. बूट दाराबाहेर गॅलरीत होते. दार उघडंच ठेवून मी खाली वाकलो. उजवा बूट घातला, नाडी बांधली. गाठ सोडली, परत बांधली. डावा बूट हातात घेतला, त्यातला नसलेला खडा झटकला. नाडी भोकांतून पूर्ण काढली आणि एकेक भोक मोजत पुन्हा ओवायला लागलो. सून माझ्याकडं बघत होती. या म्हाताऱ्याला बूट घालता येत नाहीत, असं तिला वाटलं असेल.

"सर."

"हं."

मी पुढच्या भोकात नाडी घातली.

"लई दुखतंय वो."

मी डावा बूट तिथंच टाकला आणि एका पायात बूट तसाच आत गेलो. गादीशेजारी फरशीवर बसलो. सिस्टरांनी माझ्या त्या एका बुटाकडं पाहिलं. मग एखाद्या इंटर्नला पहिल्यांदा शीर सापडली की त्या जशी मान हलवायच्या, तशी त्यांनी एकदाच हलवली.